काट्यामागचा उजेड

आधुनिक मोटारीतली वेगाची तबकडी रात्री मागून उजळते. आकडे, रेघा आणि काटा तेवढे दिसतात, बाकीची जागा काळी राहते. ही रचना रूढ व्हायला जवळजवळ नव्वद वर्षे लागली, कारण तबकडीकडून मागणी दुहेरी होती. चालकाला आकडा क्षणात वाचता यावा, आणि त्या उजेडामुळे समोरचा अंधारा रस्ता मात्र दिसेनासा होऊ नये.

तबकडी आधी आली, दिवा नंतर. स्ट्रासबुर्गच्या ओटो शुल्त्झेने 1902 मध्ये स्पीडोमीटरचे पेटंट घेतले. त्याच्या यंत्रात फिरत्या केबलमुळे एक चुंबक फिरतो आणि शेजारच्या धातूच्या वाटीत विद्युतप्रवाह निर्माण होतात. त्यामुळे वाटी चुंबकाच्या दिशेने वळू लागते, तर एक नाजूक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत वाटी जिथे थांबते, तिथे तिला जोडलेला काटा वेग दाखवतो. हे तत्त्व पुढे जवळजवळ शतकभर टिकले. त्या काळच्या मोटारींचे पुढचे दिवे तेलाचे किंवा ॲसिटिलीन वायूचे असत. तबकडीसाठी वेगळा दिवा ठेवणे सोयीचे नव्हते. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र आले, आणि बॅटरी हा मोटारीचा नेहमीचा भाग होऊ लागला. त्यानंतर डॅशबोर्डवर लहान बल्ब बसवणे सोपे झाले.

सुरुवातीचा बल्ब तबकडीच्या बाहेर, छोट्या झाकणाखाली असे आणि उजेड वरून पाडी. त्याचे प्रतिबिंब काचेत पडे. जवळचे आकडे झळाळत, लांबचे अंधारात राहत. मग बल्ब मीटरच्या पेटीच्या आत, कडेला दडवले गेले आणि उजेड कमीजास्त करण्यासाठी रिओस्टॅटची कळ आली. तरी प्रकाश तबकडीच्या पृष्ठभागावरच पडत होता, म्हणजे आकड्यांइतकीच रिकामी जागाही उजळत होती.

आकडाच स्वतः प्रकाशला तर? पहिल्या महायुद्धाच्या सुमारास विमानांच्या मापकांवर आणि मनगटी घड्याळांवर रेडियम मिसळलेला रंग लावून हे साधले गेले. त्याची किंमत अमेरिकेतल्या न्यू जर्सीसारख्या ठिकाणी तबकड्या रंगवणाऱ्या तरुण मुलींनी मोजली. कुंचल्याला टोक काढण्यासाठी तो ओठांत धरायला त्यांना शिकवले होते. जबड्याची हाडे झिजून अनेकींचा अंत झाला. ग्रेस फ्रायर आणि तिच्या सोबतिणींनी 1927 मध्ये दावा लावला आणि पुढच्या वर्षी तो तडजोडीने मिटला. उजळत्या तबकडीची कुळकथा सांगताना या मुलींना वगळणे अन्यायाचे ठरेल.

उजेड कोणत्या रंगाचा असावा, हा प्रश्न डोळ्याच्या रचनेशी बांधलेला आहे. दृष्टिपटलातल्या शंक्वाकार पेशी पुरेशा उजेडात रंग आणि बारकावे टिपतात. दंडाकार पेशी मंद उजेडात काम करतात. बोहेमियाचे शरीरशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नोंदवले की संधिप्रकाशात लाल रंग लवकर काळवंडतो, निळा मात्र बराच वेळ उजळ वाटतो. याचे कारण म्हणजे दंडाकार पेशींची संवेदनक्षमता 500 नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते आणि गडद लाल प्रकाशाला त्या जवळजवळ प्रतिसाद देत नाहीत. म्हणून लाल उजेडात मापक वाचला तर अंधाराला सरावलेली नजर फारशी बिघडत नाही. एकदा बिघडली, तर ती पूर्ण सरावायला अर्धा तास लागू शकतो. विमाने आणि पाणबुड्यांमधल्या लाल दिव्यांमागे हेच कारण होते. बीएमडब्ल्यूने दीर्घकाळ वापरलेला नारिंगी-लाल उजेडही याच विचाराच्या जवळचा.

मोटारीत मात्र हे गणित पूर्ण जुळत नाही. पुढच्या दिव्यांनी रस्ता उजळलेला असतो, समोरून गाड्या येतात. चालकाची नजर अंधाराला पूर्ण सरावलेली कधीच नसते. शिवाय लाल प्रकाश डोळ्यात किंचित मागे केंद्रित होतो, त्यामुळे चाळिशी लागलेल्यांना जवळचे लाल आकडे वाचायला कष्ट पडतात. मोटारीसाठी रंगापेक्षा तीव्रता महत्त्वाची, असेच म्हणावे लागेल.

फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज देस्त्रिओ यांनी 1936 मध्ये दाखवले होते की झिंक सल्फाइडची भुकटी प्रत्यावर्ती विद्युतक्षेत्रात ठेवली की प्रकाशते. त्यावर आधारलेली उजळती तबकडी क्रायस्लरने 1960 च्या मोटारींत ‘ॲस्ट्राडोम’ या घुमटाकार मीटरमध्ये आणली. तिचा निळसर-हिरवा उजेड बल्बविना, सगळीकडे सारखा पसरे. डॉजच्या 1966 च्या चार्जरमध्येही ही पद्धत होती. पण तिला बॅटरीच्या 12 व्होल्टवरून खूप मोठा प्रत्यावर्ती दाब तयार करावा लागे आणि भुकटीचे तेज हळूहळू ओसरे. बल्ब स्वस्त होते; तेच टिकले.

1980 च्या दशकात काटाच काढून आकडे दाखवणारे मीटर आले. 1984 च्या कॉर्व्हेटचे मीटर त्यातले प्रसिद्ध. पण सतत बदलणाऱ्या आकड्यापेक्षा काट्याचा कल नजरेला लवकर कळतो, आणि बहुतेक कंपन्या काट्याकडे परतल्या.

निर्णायक पाऊल पडले 1989 मध्ये, लेक्सस एलएस 400 या मोटारीत. ‘ऑप्टिट्रॉन’ नावाच्या तिच्या मीटरवर धुरकट आवरण होते. इंजिन बंद असताना ते कोरे काळे दिसे. किल्ली फिरवली की आधी काटे आणि मग आकडे अंधारातून वर येत. तबकडीचा पारदर्शक पत्रा काळ्या शाईने छापून फक्त आकड्यांची जागा मोकळी ठेवलेली होती. मागचा प्रकाश तेवढ्यातूनच येई. काट्यांना स्वतःचा प्रकाश होता, त्यासाठी कोल्ड कॅथोड नळ्या वापरल्या होत्या. धुरकट आवरण बाहेरचा उजेड शोषून घेत असल्याने हे मीटर भर दुपारीही उजळलेलेच ठेवावे लागे.

शुजी नाकामुरा यांनी 1993 मध्ये निचिया कंपनीत प्रखर निळा एलईडी तयार केला. त्यावर पिवळा फॉस्फर चढवून पांढरा एलईडीही मिळाला. आता रंगाचे बंधन उरले नाही. फोक्सवॅगनने निळी तबकडी आणि लाल काटे ही आपली ओळख केली; नंतर पांढऱ्या उजेडाने बहुतेकांना मागे टाकले. 2014 मध्ये ऑडी टीटीमध्ये 12.3 इंची पडदा आला आणि काटा केवळ चित्र झाला. पडद्याचा पाठप्रकाश पूर्ण अडत नसल्याने एलसीडीचा काळा रंग रात्री करडा दिसतो, ओएलईडीत तो खरा काळा होतो.

सदैव उजळलेल्या तबकडीतून एक नवा धोकाही उभा राहिला. पूर्वी मीटर अंधारात दिसेनासे झाले की दिवे लावायचे राहिल्याचे चालकाला कळे. आता मीटर झळकते आणि मागचे दिवे बंद असलेली गाडी रस्त्यावर धावत राहते. कॅनडाने सप्टेंबर 2021 पासून नव्या मोटारींसाठी तीन पर्याय घालून दिले: दिवसाच्या दिव्यांसोबत मागचे दिवेही लागावेत, किंवा अंधार होताच सगळे दिवे आपोआप लागावेत, किंवा दिवे लावेपर्यंत चालकापुढचे मीटर अंधारात राहावे.