दुहेरी मोटारीचा जमाखर्च

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वह्या पाटावर मांडल्या, की आमचे दाजी सहसा बोलत नाहीत. सोलापुरात चादरीच्या धंद्यात हयात घालवलेला हा माणूस त्या दिवशी आकड्यांना देवाइतकाच मान देतो. पण गेल्या, म्हणजे २०२५ सालच्या दिवाळीत पूजा आटोपताच त्यांनी मला बाजूला घेतले आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही जन्मभर इतिहास शिकवलात. माझ्या गाडीचा इतिहास एकदा मांडून द्या. बॅटरी बदलायची की गाडी काढून टाकायची, ते त्यावरून ठरवू."

बॅटरीचा भाव अडीच लाख सांगितला होता. आक्काने तेवढीच रक्कम धाकट्या नातीच्या कॉलेजासाठी बाजूला ठेवली होती. तेव्हा प्रश्न नुसता मोटारीचा नव्हता, हे आक्काच्या चेहऱ्यावरून मला आधीच कळले होते.

दाजींची मोटार हायब्रिड, म्हणजे पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशा दोन जिवांची आहे. वाचकांना ही अगदी कालपरवाची विद्या वाटेल. ती सव्वाशे वर्षांची जुनी आहे. व्हिएन्नात लोनर नावाचे घोडागाड्या बांधणारे कारखानदार होते. त्यांच्याकडे फर्डिनांड पोर्श हा तरुण १९०० च्या सुमारास विजेच्या गाड्या बनवीत होता. बॅटरी जड आणि तिचा पल्ला तोकडा, म्हणून त्याने गाडीतच पेट्रोलचे इंजिन बसवून त्यावर वीज तयार केली. गाडीचे लॅटिन नाव 'सदैव जिवंत' अशा अर्थाचे होते! ती फार जिवंत राहिली नाही. गाडी बोजड व महाग होती, आणि पेट्रोल स्वस्त होत गेले. पेट्रोल स्वस्त असले की ते वाचवण्याच्या युक्त्या अडगळीत पडतात, आणि महागले की त्याच युक्त्या पुन्हा शोधल्या जातात. या मोटारीच्या साऱ्या इतिहासाला हेच एक सूत्र पुरते.

आपल्याकडे ही गोष्ट महायुद्धात घडली. १९४१ साली हिंदुस्थानात पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले आणि कूपनावर मोटार चालवणे अशक्य होऊन बसले. तेव्हा कोळशाच्या गॅसवर गाड्या चालू लागल्या. दाजींच्या वडिलांची त्या काळी तुळजापूरच्या रस्त्यावर एक सर्व्हिस मोटार होती. तिच्या पाठीला माणसाएवढे पत्र्याचे नळकांडे बसवलेले असे. त्यात लोणारी कोळसा कमी हवेवर धुमसत ठेवायचा. त्यातून निघणारा विषारी पण जळाऊ वायू गाळून, थंड करून इंजिनात सोडायचा. पहाटे क्लीनरने हाताचा पंखा फिरवून भट्टी पेटवायची आणि गॅस धरेपर्यंत उतारूंनी बिड्या ओढीत बसायचे. गॅसवर इंजिनाची ताकद पुष्कळच घटे. म्हणून चढावर सामर्थ्यवान उतारूंनी खाली उतरून हातभार लावावा, असा अलिखित करार होता. दाजींचे वडील सांगत, की चढासाठी थोडे पेट्रोल जपून ठेवलेले असे. म्हणजे हीही एका अर्थी दुहेरी गाडीच.

त्या गाडीने पैसे वाचवले काय? पेट्रोलपेक्षा कोळसा स्वस्त पडे, हे खरे. पण राखेने इंजिनाच्या रिंगा झिजत, गाळणी रोज साफ करावी लागे, एक गडी जास्तीचा ठेवावा लागे. वडिलांनी तो खर्च कधी मांडलाच नाही, कारण तेव्हा प्रश्न स्वस्त-महागाचा नव्हता, गाडी धावते की बंद पडते एवढाच होता. पुढे १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी एस. टी.ची पहिली गाडी सुटली आणि खाजगी सर्व्हिस मोटारींचे दिवस भरत आले. दाजींच्या घरात मोटार गेली आणि माग आले.

दुहेरी मोटारीचा पुनर्जन्म डिसेंबर १९९७ मध्ये जपानात झाला. टोयोटाची प्रियस विक्रीला आली. ब्रेक दाबला, की एरवी उष्णतेत वाया जाणारी शक्ती मोटर विजेच्या रूपाने परत मिळवते. गाडी उभी राहिली, की इंजिन झोपी जाते. हिंदुस्थानात २००८ साली होंडाने सिव्हिक हायब्रिड आणली, किंमत साडेएकवीस लाख. त्या किमतीला गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा काही महिन्यांतच ती सुमारे आठ लाखांनी उतरवली. ज्यांनी आधी घेतली त्यांनी पेट्रोलमध्ये काय वाचवले असेल, ते त्यांनाच ठाऊक! २०१३ मध्ये टोयोटाची कॅमरी हायब्रिड बिडदीच्या कारखान्यात जोडली जाऊ लागली. सरकारचेही मन स्थिर नव्हते. २०१५ साली अशा गाड्यांना सवलत मिळाली आणि २०१७ च्या जुलैत जीएसटी व उपकर मिळून ४३ टक्के कर बसला.

दाजींनी २०२१ च्या दिवाळीत घेतली ती हीच २०१३ ची कॅमरी, साडेसात लाखांना. नवी होती तेव्हा तिची किंमत तीस लाखांच्या आसपास होती. यातली गोम अशी, की बॅटरीच्या धास्तीनेच जुन्या हायब्रिडचा भाव पडतो. ज्या भीतीमुळे दाजींना गाडी स्वस्त मिळाली, तीच भीती चार वर्षांनी त्यांच्या दारात उभी राहिली.

आता हिशेब. आक्काची वही चोख. चार वर्षांत गाडी ४८,००० किलोमीटर धावली, लिटरला सरासरी १६ किलोमीटर. पेट्रोल लागले ३,००० लिटर. १०५ रुपये दर धरला तर ३,१५,००० रुपये. पूर्वीची लहान गाडी लिटरला १२ देई. तेवढ्याच अंतराला तिने ४,२०,००० रुपये खाल्ले असते. म्हणजे वाचले १,०५,०००. दाजींचा चेहरा खुलला.

पण आक्काने मागचे पान उलटले. जुनी गाडी वर्षाला ८,००० किलोमीटरच धावत असे. त्या बेताने चार वर्षांत ३२,००० झाले असते, आणि पेट्रोल २,८०,००० चे. "म्हणजे पस्तीस हजार जास्तच गेले की," ती म्हणाली. गाडी स्वस्तात धावते म्हणून दाजी दर एकादशीला पंढरपूर, महिन्याला पुणे करू लागले होते. जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच कोळशाविषयी लिहून ठेवले आहे, की इंजिने काटकसरी झाली की कोळसा कमी न लागता जास्त लागतो. आक्काने जेव्हन्स वाचलेला नाही. तिने वही वाचली होती.

शिवाय ही काटकसर गावातली. सात रस्त्याच्या गर्दीत थांबत-थांबत जाताना हायब्रिड खरी कमावते. पुण्याच्या महामार्गावर एका वेगाने धावताना ती साध्या मोटारीची जवळजवळ बरोबरीची होते. दाजींनी वाढवलेली धाव सगळी महामार्गावरची. लांबलचक गाडीच हवी होती असे म्हणाल, तर तुलना दुसऱ्या थोराड पेट्रोल गाडीशी करावी लागेल आणि बचत दुप्पटही निघेल. पण ती तशी हवी होती काय, हे मी दाजींना विचारले नाही.

राहिली बॅटरी. तिच्यात ३४ तुकडे ओळीने जोडलेले असतात. एक दुबळा झाला तरी सारी ओळ लंगडते. तिला उष्णता सोसत नाही, आणि सोलापूरचा उन्हाळा चाळिशीच्या वर. ती थंड ठेवायला एक पंखा मागच्या सीटजवळच्या जाळीतून हवा ओढतो. मेकॅनिकने तो पंखा उघडला, तेव्हा आत गादी भरावी तसा कापसाचा तूस दाबून बसला होता. चार वर्षे दाजी मागच्या सीटवर चादरींचे नमुने रचून हिंडत होते आणि ती जाळी गठ्ठ्यांखाली झाकलेली होती.

दाजी बराच वेळ त्या तुसाकडे बघत राहिले.

नवी बॅटरी घेतली नाही. चार तुकडे बदलले, पंखा साफ केला, खर्च अडतीस हजार. जुन्यात नवे तुकडे किती दिवस नांदतील याची हमी मेकॅनिकने सहा महिन्यांपुरतीच दिली; ती मुदत संपली आणि गाडी अजून चालते आहे. नातीची रक्कम बँकेत आहे तशी आहे. २०२८ मध्ये गाडीला पंधरा वर्षे पूर्ण होतील, तेव्हा नव्याने नोंदणी करावी लागेल, तिची फी आणि पर्यावरण कर वेगळा. आक्काने त्यासाठी वहीत आतापासूनच एक पान कोरे सोडले आहे. चादरींचे नमुने हल्ली डिकीत असतात.