माहिती व्यवस्थापन : गटप्रकल्पातून करिअरची ओळख

बुलढाणा, प्रतिनिधी

आपल्या जिल्ह्याचे नाव ‘बुलढाणा’ असे लिहिले जाते, तसेच ‘बुलडाणा’ असेही. वाचणाऱ्याला त्यात अडचण येत नाही. संगणकाच्या दृष्टीने मात्र ही दोन वेगळी नावे आहेत. ती एकमेकांशी जोडलेली नसतील, तर एका नावाने शोध घेणाऱ्यास दुसऱ्या नावाखाली नोंदविलेला दस्तऐवज सापडत नाही. उपलब्ध असलेली माहिती हवी तेव्हा, हवी त्या व्यक्तीस मिळावी यासाठी तिचे संकलन, वर्गीकरण, सूचीकरण आणि जतन करणे म्हणजे माहिती व्यवस्थापन. या क्षेत्राची ओळख महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना गटप्रकल्पातून अल्प खर्चात होऊ शकते.

नोंद आहे, पण सापडत नाही

या कामाचे महत्त्व २०२३ मध्ये साऱ्या महाराष्ट्राच्या लक्षात आले. कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली त्या वर्षी सप्टेंबरमध्ये समिती नेमण्यात आली. प्रारंभी मराठवाड्यापुरते असलेले हे काम पुढे राज्यभर विस्तारले. महसुली दप्तरे, शाळांची दाखल-खारीज रजिस्टरे, जन्ममृत्यूच्या नोंदी धुंडाळाव्या लागल्या. अनेक नोंदी मोडी लिपीत होत्या आणि ती वाचणारे जाणकार मोजकेच होते. एका जुन्या नोंदीवर एखाद्या कुटुंबाचे प्रमाणपत्र आणि मुलांचा प्रवेश अवलंबून असू शकतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

बुलढाणा जिल्ह्याचा इतिहास पाहता येथे हे काम अधिक गुंतागुंतीचे ठरते. वऱ्हाड प्रांत १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. राज्यकर्ते बदलले, तशा कारभाराच्या भाषा आणि नोंदींच्या पद्धतीही बदलल्या.

प्रकल्प कसा करावा?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यातील पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रीय प्रकल्पास श्रेयांक देण्यात आले आहेत. पाच-सहा विद्यार्थ्यांच्या गटाने त्यासाठी गावातील सार्वजनिक वाचनालयाची निवड करावी. वाचनालयाच्या समितीची लेखी परवानगी घेऊन दोन-तीनशे ग्रंथांपुरते काम ठरवावे. कामाची विभागणी साधारणतः अशी असावी :

- एकाने दाखल नोंदवहीतील नोंदी प्रत्यक्ष ग्रंथांशी ताडून पाहाव्यात.
- दोघांनी युनिकोड मराठीत ग्रंथनाम, लेखक, प्रकाशक, वर्ष व विषय यांच्या नोंदी कराव्यात. जुन्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेली यादी असल्यास ती युनिकोडमध्ये रूपांतरित करून तपासावी.
- एकाने नावांची प्रमाण यादी ठेवावी. ‘ना. सी. फडके’ आणि ‘फडके, नारायण सीताराम’ ही एकच व्यक्ती आहे, हे या यादीतून कळावे.
- एकाने विषयवार वर्गीकरण करावे. लोणारविषयीचे पुस्तक भूगर्भशास्त्रात ठेवावे की दैत्यसूदन मंदिरामुळे स्थापत्यात? ग्रंथ एकाच फळीवर राहील, सूचीत मात्र त्याची नोंद दोन्ही विषयांखाली असली पाहिजे.
- उर्वरित सदस्याने नोंद करण्याच्या कामात भाग न घेता अखेरीस परीक्षकाची भूमिका घ्यावी. वाचकाने विचारावीत तशी दहा पुस्तके सूचीतून शोधून पाहावीत व किती सापडली, ते लिहून ठेवावे.

शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. स्वतः केलेली सूची स्वतःला नेहमीच सोपी वाटते; दुसऱ्याला ती वापरता येते का, यावर तिचे यश ठरते. त्यामुळेच हे काम एकट्याने शिकता येत नाही. वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, हे सूत्र डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच मांडले होते. नोंदींसाठी प्रथम साधी स्प्रेडशीट पुरेशी आहे. पुढे ‘कोहा’ ही मुक्त संगणकप्रणाली किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ शिकता येईल. वाचकांचे पत्ते, दूरध्वनी क्रमांक यांसारखी व्यक्तिगत माहिती मात्र प्रकल्पात घेऊ नये.

अभ्यासक्रम आणि संधी

कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदवी (बी.लिब.) आणि त्यानंतर पदव्युत्तर पदवी (एम.लिब.) घेता येते. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. घरी राहून शिकू इच्छिणाऱ्यांसाठी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा पर्याय आहे. महाविद्यालयीन अध्यापनासाठी ‘नेट’ परीक्षेतही हा विषय आहे. जुन्या दस्तऐवजांची आवड असणाऱ्यांना दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील पुराभिलेख प्रशिक्षणाचा विचार करता येईल. मोडी लिपीचे ज्ञान ही त्यांची जमेची बाजू ठरेल.

ग्रंथालयांखेरीज रुग्णालये, बँका, वृत्तपत्रांचे संदर्भ विभाग, संशोधन संस्था आणि शासकीय कार्यालये येथेही अशा मनुष्यबळाची गरज असते. माहिती अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचीबद्ध व निर्देशांकित ठेवणे बंधनकारक आहे.

वास्तवाचे भान हवे

अनुदानावर चालणाऱ्या गावपातळीवरील वाचनालयांत मानधन तुटपुंजे असते, ही वस्तुस्थिती आहे. शासकीय व महाविद्यालयीन पदे मर्यादित असून त्यांसाठी स्पर्धा मोठी आहे. म्हणूनच पदवीवर वर्ष खर्च करण्यापूर्वी प्रकल्प करून पाहणे शहाणपणाचे ठरेल. तासन्‌तास नोंदी तपासण्याचा कंटाळा येतो की एखादी चूक सापडल्यावर उत्साह वाढतो, हे तीन-चार आठवड्यांत कळते. हे क्षेत्र आपले नव्हे असे कुणाला वाटले, तरी त्याचे श्रम वाया जात नाहीत. गावच्या वाचनालयाला वापरता येईल अशी सूची मागे राहते.