तळातल्या गार पाण्याचं कूळ

आकाश निवळ असेल तर कर्नाळा किल्ल्याच्या अंगठ्यासारख्या सुळक्याखालून मुंबईचं बंदर दिसतं. हे पाणी उथळच. थेट 160 किलोमीटरवरच्या मुंबई हाय तेलक्षेत्रापाशीही खोली 75 मीटरच्या आसपास. खरा खोल समुद्र त्याच्याही पुष्कळ पलीकडे. तिथे पृष्ठभागावर 28 अंश आणि चार किलोमीटर खाली जेमतेम दोन! आपल्या उष्ण समुद्राच्या पोटात हा गारठा आला कुठून?

पहिला धागा 1751चा. हेन्री एलिस या गुलामवाहू जहाजाच्या कप्तानाने अटलांटिकच्या उबदार पाण्यात झडपांची बादली सोडली. वर 29 अंश, 1,600 मीटर खाली 12. एलिसने ते पाणी आंघोळीला आणि वाइन गार करायला वापरलं. हे पाणी ध्रुवाकडून तळाने येत असणार, हा तर्क त्याच शतकाच्या अखेरीस काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने मांडला.

पण पाणी तळाशी बुडायला नुसती थंडी पुरत नाही, मीठ लागतं. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरचा वारा नवं बर्फ समुद्रात लोटतो, उघडं पडलेलं पाणी पुन्हा गोठतं, आणि दर खेपेला मीठ खाली सुटतं. उरण-पेणच्या मिठागरात ऊन जे करतं, ते इथे थंडी करते. उणे 1.9 अंशांचं हे जड पाणी उतारावरून घसरताना शेजारचं उबदार पाणी ओढून घेतं. म्हणजे हे कूळ जन्मापासूनच मिश्र आहे.

वेडेल समुद्र, रॉस समुद्र आणि अडेली किनारा ही या पाण्याची तीन उगमस्थानं ठाऊक होती. चौथं, केप डार्नली, 2013 साली के. ओशिमा यांच्या जपानी गटाने सिद्ध केलं. त्यात हत्ती-सीलांवर बसवलेल्या उपकरणांच्या नोंदीही कामी आल्या. मला या चौथ्या जागेचं विशेष अप्रूप आहे. डार्नलीच्या पूर्वेला प्रिड्झ उपसागर आहे, आणि त्याच्याच काठी भारताचं 'भारती' संशोधन केंद्र. तिथली चुंबकीय वेधशाळा चालवते आपल्या कर्नाळ्याजवळच्या नवीन पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था.

डार्नलीचं पाणी पश्चिमेला जाऊन वेडेलच्या पाण्यात मिसळतं. दक्षिण महासागरातलं हे मिश्रण मादागास्करच्या पूर्वेने उत्तरेला येतं, अमिरांते खिंडीतून सोमाली खोऱ्यात शिरतं आणि कार्ल्सबर्ग पर्वतरांगेतल्या ओवेन भेगेतून अरबी समुद्रात. वाटेतल्या खडबडीत डोंगरांवर भरती-ओहोटी ते घुसळते, म्हणून ते थोडं तापलेलं पोचतं. पुढे आशिया आडवा; मग ते वरच्या पाण्यात मिसळत संथपणे चढतं.

अलीकडच्या दशकांत अंटार्क्टिकाचं तळपाणी तापतंय, आटतंय. किनाऱ्यावरचं बर्फ वितळून गोडं पाणी वाढलं की मीठ फिकं पडतं, आणि फिकं पाणी बुडत नाही.