खानदेशची बोली आणि सरकारी तक्ता

प्रांताची ओळख कोणीं ठरवावी, तेथें राहणाऱ्यांनीं कीं दप्तर ठेवणाऱ्यांनीं? क्यूबेकच्या फ्रेंच भाषिकांनीं १९७७ सालीं आपल्या भाषेस कायद्याचें बळ दिलें, आणि १९९५ च्या कौलांत स्वतंत्र होण्याचा पक्ष एका टक्क्याहून किंचित् अधिक फरकानें हरला. खानदेशांत मतपेटी कोणी मांडली नाहीं. येथें हा प्रश्न व्याकरणाच्या वाटेनें आला.

१८१८ त होळकरांकडून हा मुलूख इंग्रजांकडे गेला. १९०६ त त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. एकाचें ठाणें जळगांव, दुसऱ्याचें धुळें. पुढच्याच वर्षीं ग्रियर्सनसाहेबांच्या भाषा-पाहणीच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग निघाला. मराठीचा सातवा खंड १९०५ त येऊन गेला होता. खानदेशीस त्यांत स्थान न मिळतां ती भिल्ली भाषांच्या पंक्तीस, गुजरातीच्या शेजारीं बसली. कारणें पोकळ नव्हतीं. मराठीची षष्ठी ‘चा, ची’, तर अहिराणीची ‘ना, नी’. हें गुजरातीचेंच वळण. परंतु अहिराणी बोलणारा मनुष्य कचेरींत, शाळेंत, कीर्तनांत कोणती भाषा आपली म्हणतो, हें त्या तक्त्यांत मावण्यासारखें नव्हतें. चाळीसगांवाजवळच्या पाटण येथें भास्कराचार्यांच्या नातवाच्या मठाचा शके ११२८ चा लेख आहे. त्याचा शेवट मराठींत आहे. प्रत्ययांच्या हिशेबांत असला पुरावा धरतात कोण?

हा वाद पंडितांपुरता राहिला असता तर चिंता नव्हती. डांगी ही खानदेशीचीच बोली, असें त्याच खंडांत म्हटलें होतें. म्हणजे खानदेशी मराठी नव्हे असें ठरलें कीं डांगांवरील मराठीचा हक्कहि लंगडा पडे. १९६० च्या विभागणींत डांग गुजरातेंत राहिला. पश्चिम खानदेशांतील कांहीं गांवेंहि तिकडे गेलीं.

मराठी वाचकांनीं मात्र निवाडा निराळ्या रीतीनें केला. असोद्यास जन्मलेल्या निरक्षर बहिणाबाई चौधरी १९५१ त वारल्या. पुढच्या वर्षीं त्यांचीं गाणीं अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापून निघालीं. त्यांत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. तरी भाषांतर कोणीं मागितलें नाहीं.

जनगणनेंत खानदेशीचा रकाना आजहि वेगळाच आहे. २००१ त तींत २० लाख ७५ हजार माणसें होतीं, २०११ त १८ लाख ६० हजार. दहा वर्षांत लोकवस्ती वाढली आणि बोली घटली! मला यांत भाषा मेल्याचें चिन्ह दिसत नाहीं. धुळ्याच्या बाजारांत दिवसभर अहिराणींत भाव करणारा मनुष्य प्रगणक दारीं आला म्हणजे ‘मराठी’ असेंच सांगतो.