रस्ता कोणाचा, अर्ज कोणाकडे? वाढत्या गावांसाठी उपयुक्त माहिती

पिंपळगाव बसवंत (ता. निफाड) हे मुंबई-आग्रा महामार्गावरचं गाव. टोमॅटोच्या हंगामात बाजार समितीकडे पिकअप अन् ट्रॅक्टरची रीघ लागते. जिल्ह्यातल्या अनेक वाढत्या गावांत अशीच गर्दी असते. अपघात झाला की गतिरोधकाची मागणी होते, पण अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर नुसता फिरत राहतो. म्हणून आधी रस्ता कोणाचा ते बघा.

• गावातले अंतर्गत रस्ते : ग्रामपंचायत
• ग्रामीण मार्ग, इतर जिल्हा मार्ग : जिल्हा परिषद बांधकाम विभाग
• प्रमुख जिल्हा मार्ग, राज्य मार्ग : सार्वजनिक बांधकाम विभाग
• राष्ट्रीय महामार्ग : अनेक ठिकाणी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण (मदत क्रमांक 1033)

अर्जाला ग्रामसभेचा ठराव, जागेचे फोटो अन् अपघातांच्या तारखा जोडा. एक प्रत पोलीस ठाण्यात द्या, पोहोच घ्या. मनानेच मुरमाचा गतिरोधक टाकू नका. पांढरे पट्टे, फलक नसले की रात्री दुचाकीवाला त्यावरच पडतो.

गावाच्या हातातलं : ट्रॉलीला मागून लाल रिफ्लेक्टर लावा, रस्त्यावरचा आठवडे बाजार मोकळ्या जागेत न्या. पोरांच्या हाती गाडी देऊ नका. 2019 च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीमालकाला 25 हजार दंड व 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

अपघात दिसला तर 108 किंवा 112 लावा. जखमीला मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. त्यामुळे न घाबरता थांबा.