कणगीवरचा नंबर

आमच्या घरी बियाण्याच्या कणगीवर वडील खडूने लिहायचे: ३५-१. बरीच वर्षं मला तो आमच्या घराचा नंबर वाटे.

मालदांडी ही सोलापूरकडची जुनी गावरान ज्वारी. १९३०च्या दशकात मोहोळच्या सरकारी केंद्रावर तिच्यातूनच निवडून ‘मालदांडी ३५-१’ काढली. संकर नाही, काही नाही. चांगली कणसं वेचायची, एकेकाचं बी वेगळ्या ओळीत पेरायचं, हलक्या ओळी टाकून राहिलेल्या पुन्हा पेरायच्या. रब्बीची ज्वारी वर्षातून एकदाच. चूक कळायची ती माघ-फाल्गुनात, आणि सुधारायची तर पुढच्या पेरणीला. १९३३ला सोलापुरात कोरडवाहू शेतीचं केंद्र निघालं, तेही शेती संशोधनाच्या इंपीरियल कौन्सिलच्या पैशावर. सरकार परकं होतं, पण असल्या सावकाश कामाला पैसा पुरवावा लागतो, एवढं त्याला कळलं.

वडील पुढे अशाच एका केंद्रावर रोजंदारीला होते. कणसांना कागदी पिशव्या बांधायच्या, चिठ्ठ्या लावायच्या, गोफण घेऊन राखण करायची. एका वर्षी अनुदान वरच कुठेतरी अडकलं आणि राखणदार कमी केले. दाणा चिकात होता. पाखरांना मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. दोन ओळी त्यांनी चार दिवसांत रिकाम्या केल्या. त्या ओळींमागे सहा वर्षांची वेचणी होती. मार्चमध्ये पैसे आले, एकदम. त्यातून कुंपणाला रंग दिला.

हे निवडीचं काम कंपनी करणार नाही, आणि त्यात तिचा दोषही नाही. ३५-१चं बी शेतकरी आपल्याच राशीतून बाजूला काढतो, दरवर्षी दुकानाची पायरी चढत नाही. मग कंपनीला काय सुटणार? खरिपात १९६४पासून सीएसएच-१ आणि पुढची हायब्रीडं पसरली. रब्बीत मात्र ३५-१ला ती हलवू शकली नाहीत. जमिनीतल्या उरल्या ओलीवर येणारं पीक, पांढरा टपोरा दाणा, मऊ भाकरी. आणि कडबा असा, की बैल दावणीत काडी ठेवत नाही. आमच्याकडे ज्वारीचं वाण पारखताना आधी पेंढी उचलून बघतात, दाण्याकडे नंतर वळतात.

२०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. ती मालदांडीच. मोहोळच्या त्या निवडीला तोवर ऐंशीच्या आसपास वर्षं झाली होती.