भाजीपाला बियाणे, सेंद्रिय (नवी मुंबई व रायगड परिसर)

रासायनिक खते व कीडनाशके न वापरता वाढवलेल्या पिकातून पेरणीसाठी राखलेले भाज्यांचे बी, आणि ते पिकवून विकण्याचा लहान शेतीधंदा. नवी मुंबई हे या बियाण्याचे शेत कमी आणि गिऱ्हाईक जास्त. शहर उभारण्यासाठी १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागातील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. त्यांपलीकडच्या पनवेल-उरण-पेण पट्ट्यावर २०१३ पासून ‘नैना’ची (नवी मुंबई विमानतळ प्रभाव अधिसूचित क्षेत्र) अधिसूचना आहे. त्यामुळे बी पिकवायला लागणारी मोकळी जागा दरवर्षी दक्षिणेला सरकते आहे.

भाजी पिकवणारा आणि बी पिकवणारा यांची शेते सारखी दिसतात, हिशेब वेगळे असतात. खाण्याची भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. बियाला राखलेली भेंडी फूल पडल्यापासून महिनाभर झाडावरच ठेवतात. ती जून होते, वाळून तपकिरी पडते, शिरांवर उकलू लागते, तेव्हा काढतात. एवढ्या काळात हळद्या रोग आला तर भाजीवाल्याचे थोडे तोडे जातात, बीवाल्याचा हंगाम जातो. याच भेंडीने महाराष्ट्रातील खाजगी बियाणे उद्योगाचा पाया घातला, ही गंमत नोंदवण्याजोगी. बद्रीनारायण बारवाले यांनी हळद्याला तेव्हा दाद न देणाऱ्या पुसा सावनी भेंडीचे बी वाढवले आणि १९६४ मध्ये जालन्याला महिको कंपनी काढली. १९९८ चे जागतिक अन्न पारितोषिक त्यांना मिळाले. या उद्योगाची पुढची वाट मात्र संकरित वाणांची झाली. लहान सेंद्रिय बीजोत्पादकाचा भर सरळ आणि गावरान वाणांवर असतो, कारण त्यांचे बी पुढच्या पिढीत तसेच उतरते.

तसेच उतरते ते मधमाशीने उतरू दिले तर. शेजारच्या शेतातल्या दुसऱ्या वाणाचे परागकण आपल्या फुलावर येऊ नयेत म्हणून दोन वाणांमध्ये ठेवायचे अंतर म्हणजे विलगीकरण अंतर. प्रमाणित बियाण्यासाठी टोमॅटोला ते २५ मीटर, वांग्याला १००, मिरची व भेंडीला २००, तर दुधी, दोडका, कारले, काकडी या वेलभाज्यांना ५०० मीटर धरतात. पाचशे मीटर त्रिज्येचे वर्तुळ सुमारे ७८ हेक्टर भरते. पनवेल तालुक्यात अर्धा एकर हाती असलेल्या माणसाने एवढ्या टापूतल्या प्रत्येक परसाला दोडका लावू नका म्हणून सांगत फिरावे, असे कोणी सुचवणार नाही. पलीकडच्या सोसायटीच्या गच्चीतला एकच वेलही मोजावा लागतो; माशीला सेक्टरची हद्द कळत नाही.

यावर हाताने परागण हा उपाय आहे आणि तो लहान शेतालाच परवडतो. दुधी व दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात, कारल्या-काकडीची सकाळी. उमलण्याआधी मादी व नर अशा दोन्ही कळ्यांना दोरा किंवा कागदी टोपी बांधायची, उमलण्याच्या वेळी नराचे पराग मादीवर टेकवायचे, पुन्हा बांधायचे आणि देठाला खुणेची चिंधी लावायची. एका दुधीत शेकडो बिया निघतात. म्हणून अनेक वेलांवरची मिळून थोडीच फळे धरली तरी पुरते. एकाच वेलाचे बी राखत गेल्यास वाण काही पिढ्यांत खुरटतो.

ज्याला ही यातायात नको त्याच्यासाठी कोकणाने वाल दिला आहे. वालाचे बहुतेक परागण फुलातल्या फुलात होते. भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर तो येतो, पाणी मागत नाही, आणि शेंगा वाळतात त्या कोरड्या दिवसांत. पोपटी आणि बिरडे या पदार्थांमुळे त्याला गिऱ्हाईकही घरचेच. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने (स्थापना १९७२) वालाचे सुधारित सरळ वाण दिले आहेत. भाजीच्या वालाचा ‘कोकण भूषण’, कारल्याचा ‘कोकण तारा’, पडवळाचा ‘कोकण श्वेता’ आणि शिराळ्याचा (दोडक्याचा) ‘कोकण हरिता’ हेही याच विद्यापीठाचे. खरिपात बी धरणे मात्र इथे जुगार आहे. पावसात शेंग झाडावरच कुजते किंवा आतले बी तिथेच उगवू लागते.

अलिबागचा पांढरा कांदा हे या परिसरातले सर्वांत शिकण्याजोगे उदाहरण आहे. हा कांदाही भातानंतर घेतला जातो आणि माळा विणून विकला जातो. २०२२ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. कांद्याचे बी एका हंगामात येत नाही. निवडक कांदे पावसाळाभर टांगून ठेवायचे, थंडीत पुन्हा लावायचे, मग डेंगळे (फुलांचे दांडे) येऊन फुलतात. या फुलांवरही मधमाश्यांचेच राज्य. पण टापूतले सगळेच शेतकरी पांढराच कांदा बियाला धरत असतील तर भेसळ करायला माशीकडे दुसरे काही नसते. एकट्याने पाचशे मीटर राखता येत नाहीत, गावाने सहज राखता येतात.

बी काढण्याची रीत पिकागणिक बदलते. टोमॅटोचा गर एक-दोन दिवस आंबवतात, म्हणजे बियांवरचा बुळबुळीत थर सुटतो. नंतर धुऊन सावलीत वाळवतात. वांगी पिवळी पडेपर्यंत ठेवून चुरतात व पाण्यात टाकतात. भरलेले बी तळाला बसते, पोचट तरंगते. खरे काम त्यानंतरचे आहे. बियातील ओलावा एक टक्क्याने कमी झाला की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा ढोबळ नियम आहे. खाडीकाठच्या जुलैमधील हवा नेमके उलट करते. म्हणून जुन्या घरांत बी वाळलेल्या तुंब्यात, राखेत कालवून, चुलीवरच्या धुरात टांगलेले असे. चूल गेली, आता घट्ट झाकणाचा डबा आणि आत शोषक पुडी. वालाला भुंगेऱ्यापासून जपण्यासाठी राख अजूनही वापरतात. कांद्याचे बी उघड्यावर वर्षभरही धड टिकत नाही, त्यामुळे गेल्या सालचे कांदाबी स्वस्तात देणाऱ्याकडून ते न घेणे बरे.

‘सेंद्रिय’ हा शब्द लावायचा तर जमिनीचा संक्रमणकाळ पाळावा लागतो. निर्यातीसाठीच्या राष्ट्रीय सेंद्रिय कार्यक्रमाचे (२००१) प्रमाणपत्र लहान शेतकऱ्याला महाग पडते. किमान पाच शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची शेते तपासण्याची पीजीएस-इंडिया पद्धत त्याला जवळची. थायरमसारखे औषध चोळलेले गुलाबी बी इथे चालत नाही. बीजप्रक्रियेला बीजामृत किंवा ट्रायकोडर्मा चालते.

कायद्याची बाजू शेतकऱ्याला वाटते त्यापेक्षा मोकळी आणि विक्रेत्याला वाटते त्यापेक्षा आवळलेली आहे. वाणसंरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ मधील कलम ३९ शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा आणि विकण्याचाही हक्क देते. फक्त संरक्षित वाणाचे बी त्या वाणाच्या नावाचे लेबल लावून पाकिटबंद विकता येत नाही. बियाणे कायदा, १९६६ मधील कलम २४ प्रमाणे स्वतः पिकवलेले बी स्वतःच्या जागेत थेट पेरणाऱ्याला दिले तर तो कायदा लागू होत नाही. तीच पाकिटे वाशीच्या एखाद्या प्रदर्शनात मांडली की सवलत संपते, आणि बियाण्याचा व्यापार करायचा तर १९८३ च्या नियंत्रण आदेशाप्रमाणे परवाना लागतो. ‘आपण शेतकरी, आपल्याला कसला परवाना’ हे अर्धेच खरे आहे.

गावरान बियाण्याला प्रतिष्ठा मिळवून दिली ती अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी. बायफ संस्थेच्या साथीने त्यांनी घरातच बियाणे बँक उभी केली. त्यात वालाचेच कितीतरी प्रकार आहेत. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बँकेची जुनी पद्धत देवघेवीची : बी न्यायचे आणि पीक आल्यावर वाढवून परत करायचे. पैशाच्या धंद्यात हे गणित उलटते, कारण सरळ वाणाचे बी घेणाऱ्याला पुढल्या वर्षी पुन्हा येण्याची गरज उरत नाही.

तरी नवी मुंबईतला गिऱ्हाईक पुन्हा येतो. तो गच्चीवर किंवा खिडकीतल्या कुंड्यांत लावणारा असतो आणि त्याला चिमूटभरच बी हवे असते. टोमॅटोच्या एका ग्रॅममध्ये तीनशेच्या आसपास बिया मावतात, भेंडीच्या पंधरा-वीस. त्यामुळे पाकिटाचा भाव वजनावर नव्हे, बियांच्या संख्येवर ठरवावा लागतो. लेबलवर काढणीचा महिना आणि उगवण लिहावी. उगवण तपासायला ओल्या गोणपाटात शंभर बिया गुंडाळून ठेवल्या तरी पुरते. प्रमाणित बियाण्यात टोमॅटो-वांग्याला किमान ७० टक्के आणि भेंडीला ६५ टक्के उगवण धरलेली आहे. मागणी मृगाच्या तोंडावर आणि पुन्हा दसरा-दिवाळीला येते. कुंडीतल्या चार झाडांपैकी एक बियाला राखा, असे पाकिटावर छापणारेही विक्रेते आहेत. पण भेंडी दिसली की ती संध्याकाळच्या भाजीत जाते.